तुमच्याकडे आकडे आहेत, ते उघडे करा: बिझनेस स्कूलांच्या प्रवेश समित्यांना खुले पत्र

सन्माननीय प्रवेश समिती सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

"माझा चान्स किती आहे?" हा प्रश्न मला गेली बारा वर्षं विचारला जातो आहे. विचारणारे बहुतेक अनोळखी असतात. कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर मिळवलेला असतो आणि पहिल्याच निरोपात सगळा हिशेब मांडलेला असतो: वय सत्तावीस, जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेत ६६५, नोकरीची पाच वर्षं, त्यातली दोन टीम सांभाळण्याची, एक बढती, शनिवार-रविवार मुलांना शिकवण्याचं काम. खाली पाच-सहा शाळांची नावं. त्याखाली तो प्रश्न.

सल्ला देणं हा माझा धंदा नाही आणि त्यासाठी मी कधी पैसे घेतले नाहीत. मी स्वतः अर्ज करत होते तेव्हा एका अनोळखी सीनियरने माझे निबंध तीनदा वाचून दिले होते. ते ऋण डोक्यावर होतं, म्हणून येणारं प्रत्येक प्रोफाईल मी वाचत गेले. दोनशेच्या वर वाचून झाली असतील. एवढी वाचल्यावर अंदाज अचूक होत जातो असं मला वाटायचं. तो होत नाही, आणि का होत नाही हे मला उशिरा कळलं. ते कळलं म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

पाच वर्षांपूर्वी एका मुलीने तिचं प्रोफाईल पाठवलं. जिथे अर्ज करायचा होता त्या शाळेच्या सरासरीपेक्षा तिचा जीमॅट साठ गुणांनी खाली होता. पदवीचे गुण बेताचे. काम एका लहानशा संस्थेत, जिचं नाव शाळेतल्या कुणी ऐकलेलं असणं शक्य नव्हतं. मी तिला लिहिलं, "इथे फी वाया घालवू नकोस." तिने अर्ज केला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. कसलाही राग न धरता तिने ते आनंदाने मला कळवलं आणि त्यानंतर दोन रात्री मला धड झोप लागली नाही. तिने माझं ऐकलं असतं तर? आणि तिच्याआधी ज्यांनी ऐकलं त्यांचं काय? माझ्या सांगण्यावरून ज्याने अर्जच केला नाही, त्याच्या बाबतीत माझा अंदाज चुकीचा ठरायला जागाच उरत नाही. तो आपला माझे आभार मानून निघून जातो. अशा किती जणांचे आभार मी स्वीकारले असतील.

याच्या उलटही घडलं. एका मुलाचं सगळं चोख होतं. स्कोअर उंच, कंपनी नावाजलेली, बढत्या वेळेवर. मी म्हटलं, "सहापैकी दोन तरी नक्की." सहाच्या सहा ठिकाणांहून नकार आला. तीन ठिकाणी तर मुलाखतीलाही बोलावलं नाही. त्याने मला विचारलं, "कुठे चुकलं?" मी त्याचे निबंध पुन्हा वाचले आणि कारण शोधून दिलं: एमबीए का करायचं आहे हे धारदार झालेलं नव्हतं. पण त्याला प्रवेश मिळाला असता तर तोच निबंध मी साधा आणि प्रामाणिक म्हणून पुढच्या मुलांना दाखवला असता. निकाल आधी कळला आणि कारण मागून जुळवलं. त्याने मात्र ते खरं मानलं आणि पुढच्या वर्षी सगळा निबंध मोडून नव्याने लिहिला. तो बदल हिताचा होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

या दोघांना द्यायचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पैसे घेऊन टक्केवारी सांगणाऱ्या सल्लागारांकडेही ते नसतं. ते फक्त तुमच्याकडे असतं. आलेला प्रत्येक अर्ज तुमच्या संगणकात आहे: स्कोअर, अनुभवाची वर्षं, क्षेत्र, अर्ज कितव्या फेरीत आला, मुलाखतीला बोलावलं की नाही, शेवटी काय ठरलं. कुठल्या प्रकारच्या किती जणांनी दार ठोठावलं आणि त्यातल्या किती जणांसाठी ते उघडलं, हे मोजायला एक दुपार पुरेल. तुम्ही ते मोजतही असाल. बाहेर सांगत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

तुम्ही बाहेर काय देता ते पाहू. दरवर्षी 'क्लास प्रोफाईल' नावाचं एक पान येतं. त्यावर तुकडीची संख्या, जीमॅटची सरासरी किंवा मध्य, मधल्या ८० टक्क्यांचा पल्ला (वरचे आणि खालचे दहा-दहा टक्के वगळून उरलेल्यांचे गुण कुठून कुठपर्यंत), कामाचा सरासरी अनुभव, कुठल्या क्षेत्रातून किती टक्के आले, किती देशांतून आले. एकूण किती अर्ज आले हेही बऱ्याच शाळा सांगतात. पान देखणं असतं आणि त्यावरचे आकडे खरेच असतात, याबद्दल माझा वाद नाही. पण ते पान फक्त आत आलेल्यांचं आहे. खरं तर आत येऊन वर्गात बसलेल्यांचं आहे, कारण प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेले त्यात नसतात. बाहेर राहिलेल्यांबद्दल त्यात एक ओळ नसते. आणि अर्जदाराचा प्रश्न तर नेमका आत आणि बाहेर यांच्यातल्या फरकाचा असतो.

एक कल्पित उदाहरण देते. समजा एका शाळेकडे सल्लागार कंपन्यांमधून २,००० अर्ज आले आणि त्यातले १०० घेतले. शिक्षण आणि आरोग्य क्षेत्रातून २०० अर्ज आले आणि त्यातले ४० घेतले. क्लास प्रोफाईलमध्ये काय दिसेल? सल्लागारांची पट्टी लांब, शिक्षण-आरोग्याची आखूड. दवाखान्याचं व्यवस्थापन पाहणारा मुलगा ते पान बघून म्हणेल, "इथे माझ्यासारख्यांना घेत नाहीत." प्रत्यक्षात त्याच्या गटातल्या पाचातल्या एकाला घेतलं आणि सल्लागारांच्या गटातल्या विसातल्या एकाला. पान खरं बोललं, आणि तरी वाचणाऱ्याला नेमकं उलटं समजलं. छेद न देता अंश तेवढा छापला की असंच होतं.

मध्याचीही तीच गत. मध्य ६८५ असेल तर आत आलेल्यांपैकी निम्म्यांचा स्कोअर ६८५ किंवा त्याहून कमी आहे. हे शाळेतलं गणित आहे, पण अर्जाच्या घाईत ते भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. मध्य हीच किमान पात्रता समजून मुलं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा परीक्षेला बसतात. मधल्या ८० टक्क्यांचा पल्ला पाहिला तर दुसरा घोळ. खालच्या टोकाला आत आलेले लोक तिथे कशाच्या जोरावर आले हे पान सांगत नाही. त्या टोकापाशी पन्नास जणांनी अर्ज करून दहा आले, की हजारांनी करून दहा आले? यांतल्या पहिल्या शक्यतेत अर्ज करणं शहाणपणाचं आहे आणि दुसरीत ते जवळजवळ लॉटरीचं तिकीट आहे. पानावर दोन्ही सारखेच दिसतात.

त्यातच जीमॅटची मोजपट्टी बदलली. जुनी परीक्षा २०० ते ८०० गुणांची होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली, ती २०५ ते ८०५ ची, आणि जानेवारी २०२४ अखेर जुनी बंद झाली. दोन्ही पट्ट्या दिसायला इतक्या सारख्या की लोक त्या एकच समजतात. जुन्या पट्टीवरचे ७०० हे नव्या पट्टीवर साधारण ६४५ च्या आसपास येतात. "सातशे पार हवेतच" हा आमच्या पिढीचा मंत्र होता. त्या मंत्रापायी नव्या परीक्षेत ६६५ मिळवलेली मुलं स्वतःला कमी समजून रडलेली मी पाहिली आहेत. तो स्कोअर उत्तम होता. त्यांना घाबरवणाऱ्यांमध्ये पहिले काही महिने मीही होते.

आणखी एक गोष्ट. जीमॅटच्या एकूण गुणांत ३० ते ४० गुणांची प्रमाणित त्रुटी गृहीत धरतात. म्हणजे तोच माणूस, त्याच तयारीने, दुसऱ्या दिवशी बसला तर एवढा फरक सहज पडू शकतो. तुम्हाला हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण अर्जदाराला मध्य आणि स्वतःचा स्कोअर यांतल्या वीस गुणांची दरी दिसते आणि ती भरून काढायला तो तीन महिने घालवतो. ते महिने त्याला शिफारसपत्र देणाऱ्यांशी बोलण्यात, कामात एखादी जबाबदारी अंगावर घेण्यात, आपल्याला नेमकं काय करायचं आहे याचा विचार करण्यात घालवता आले असते. वीस गुणांनी खरोखर किती फरक पडतो हे तुम्ही सांगितलं असतं, तर.

आता कुणी म्हणेल, हे असे आकडे कुठे प्रसिद्ध होतात का? होतात, आणि तुमच्या शेजारच्याच इमारतींमध्ये होतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना एक तक्ता प्रसिद्ध करते. आडव्या रांगेत प्रवेश परीक्षेच्या गुणांचे गट, उभ्या रांगेत पदवीच्या गुणांचे. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी: किती जणांनी अर्ज केला, किती जणांना कुठे ना कुठे प्रवेश मिळाला, त्याचं प्रमाण किती. देशभरातल्या सगळ्या महाविद्यालयांचा मिळून तो एक तक्ता आहे. एका महाविद्यालयाबद्दल तो काही सांगत नाही. तरी डॉक्टर होऊ इच्छिणारी मुलगी तो उघडते, आपली चौकट शोधते आणि तिला आपण कुठे उभे आहोत ते कळतं. कायद्याच्या शाळांना तर अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियमानुसार दरवर्षी एक अहवाल द्यावाच लागतो: अर्ज किती, प्रवेश किती जणांना देऊ केला, प्रत्यक्ष किती आले, परीक्षेच्या गुणांचा मध्य आणि वरखालचे चतुर्थक, म्हणजे वरचा पाव हिस्सा कुठे सुरू होतो आणि खालचा कुठे संपतो ते. त्यात शिष्यवृत्तीसुद्धा असते. डॉक्टर आणि वकील निवडणारे हे करू शकतात, तर मोजमापाचं आणि पारदर्शकतेचं शास्त्र वर्गात शिकवणाऱ्या तुम्हाला ते का जमू नये?

आणि तुम्हाला जमत नाही असंही नाही. नोकऱ्यांच्या बाबतीत तुमच्यापैकी अनेक शाळांनी एकत्र येऊन समान नियम स्वीकारले. पदवीनंतर तीन महिन्यांत किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्य काय, किती जणांनी माहिती दिली, हे सगळं ठरलेल्या पद्धतीने तुम्ही छापता. किती जणांनी माहिती दिली हे छापणं मला फार मोलाचं वाटतं. छेद दिल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही, हे तिथे तुम्ही मान्य केलेलं आहे.

तुमचा पहिला आक्षेप मला पाठ आहे: "आम्ही माणूस पाहतो, आकडा पाहत नाही. अर्ज समग्रपणे वाचला जातो." मी हे खोटं मानत नाही. जिला मी थांबवत होते ती मुलगी त्याचा जिवंत पुरावा आहे. पण वैद्यकीय महाविद्यालयंही निबंध वाचतात, मुलाखती घेतात, शिफारसपत्रं पाहतात. त्यांचा तक्ता त्यांच्या समग्र वाचनाच्या आड आला नाही. उलट वरच्या चौकटीतलेही काही जण बाहेर राहतात आणि मधल्या चौकटीतले बरेच जण आत जातात, हे त्या तक्त्यामुळेच जगाला दिसतं. "आम्ही फक्त स्कोअर पाहत नाही" हे वाक्य तुम्ही प्रत्येक माहितीसत्रात म्हणता. ते सिद्ध करायला याहून चांगला कागद कुठला?

समग्र वाचनाबद्दल एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९५४ साली बिझनेस स्कूलांसाठीची जीमॅट ही प्रवेश परीक्षा पहिल्यांदा घेतली गेली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. त्याच वर्षी पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने एक अप्रिय मुद्दा मांडला: अनुभवी माणसाच्या अंदाजाची आणि साध्या आकडेमोडीची तुलना केली तर आकडेमोड बहुतेक वेळा बरोबरीची तरी ठरते किंवा सरस. पुढे १९७१ मध्ये रॉबिन डॉज यांनी ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात पदव्युत्तर प्रवेश देणाऱ्या समितीचेच निर्णय तपासले. त्यांनी तीनच गोष्टी घेतल्या: जीआरई या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे गुण, पदवीचे गुण आणि पदवी जिथून घेतली त्या संस्थेचा ढोबळ दर्जा. या तिन्हींच्या साध्या बेरजेवर एक रेषा अशी ओढता आली की तिच्याखाली निम्म्याहून जास्त अर्जदार होते आणि समितीने त्यातल्या एकालाही घेतलेलं नव्हतं. म्हणजे समिती ते सगळे अर्ज मनापासून वाचत होती, अर्जदार महिनोनमहिने खपून ते लिहीत होते, आणि त्यांच्यासाठी दार मुळात उघडं नव्हतं.

तुमच्याकडे अशी रेषा असेलच असं मी म्हणत नाही. अभ्यास दुसऱ्या विषयाचा होता आणि त्याला अर्धशतक उलटून गेलं. पण असेल, तर ती अर्जाची फी भरण्याआधी सांगायला हवी. नसेल, तर तेही सांगायला हवं, म्हणजे माझ्यासारखे लोक ती रेषा मनाने ओढून कुणाला परत पाठवणार नाहीत. आज दोन्ही बाजूंनी माणसं फसतात. ज्यांना आशा नाही ते अर्ज करत राहतात, आणि ज्यांना आशा आहे ते बिचकून मागे फिरतात. बिचकणारे कोण असतात हे मी बारा वर्षं पाहते आहे. ज्यांच्या घरात, ऑफिसात, मित्रांत कुणी अशा शाळेत गेलेलं नसतं, ते. ज्यांच्या ओळखीत दहा माजी विद्यार्थी आहेत त्यांना तुमच्या तक्त्याची फारशी गरज नाही. तो त्यांच्याकडे गप्पांमधून आधीच पोहोचलेला असतो.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. तो योग्य आहे आणि त्यावर उपायही साधा आहे. ज्या चौकटीत दहापेक्षा कमी अर्ज असतील ती शेजारच्या चौकटीत मिसळा. तीन वर्षांचे आकडे एकत्र करा. कुणाचीही ओळख उघड होणार नाही.

तिसरा आक्षेप तुम्ही उघड बोलून दाखवत नाही. आकडे दिसले तर अर्ज घटतील. अर्ज घटले की प्रवेशाचं प्रमाण वाढेल आणि शाळा कमी दुर्मीळ दिसेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रमवारीत विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या गुणांना वजन असतं, त्यामुळे कमी गुणांचा प्रत्येक प्रवेश शाळेला थोडा महाग पडतो आणि त्याची वाच्यता नकोशी वाटते. ही ओढाताण मी समजू शकते. प्रवेश विभागात काम करणारी माणसं दुष्ट नसतात. मी अशा अनेकांना भेटले आहे आणि कुणाला तरी घेता आलं नाही म्हणून हळहळणारेही त्यांत पाहिले आहेत. पण मुळात शक्यता नसलेल्या माणसाकडून फी, निबंध आणि त्याच्या वरिष्ठाचं शिफारसपत्र घेऊन आपला नकाराचा आकडा फुगू देणं योग्य नाही. शाळेचं नाव कितीही मोठं असलं तरी नाही.

मग नेमकं काय हवं? स्कोअरचे गट चाळीसेक गुणांचे ठेवा, त्याहून बारीक नको. ती त्रुटी लक्षात घेता बारीक गट खोटी अचूकता दाखवतील. दुसऱ्या बाजूला अनुभवाची वर्षं. शक्य असेल तर क्षेत्रवार वेगळा तक्ता. प्रत्येक चौकटीत तीन आकडे: अर्ज, मुलाखतीचं बोलावणं, प्रवेशाचा प्रस्ताव. मुलाखतीचा आकडा मी मुद्दाम मागते आहे. माणूस कागदावर गळला की समोरासमोर गळला, हे पुन्हा अर्ज करणाऱ्याला कळायलाच हवं. कागदावर गळणाऱ्याने बोलण्याचा सराव करण्यात वर्ष घालवू नये. ज्या देशांतून आणि व्यवसायांतून एकाच साच्याच्या अर्जांचा पूर येतो, तिथल्या मुलांना सगळे सांगतात की तुमची स्पर्धा तुमच्यासारख्यांशीच आहे. हे कितपत खरं आहे तेही क्षेत्रवार तक्त्यात दिसेल.

फेरीनुसार आकडेही द्या. "पहिल्या फेरीतच भर, दुसऱ्यात चान्स अर्धा होतो" असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. पहिल्या फेरीत लवकर तयारी झालेले, नीट आखणी केलेले लोक जास्त असतील तर तिथलं प्रमाण वर दिसणारच, फेरीचा स्वतःचा काही परिणाम नसला तरी. सारख्या स्कोअरच्या, सारख्या अनुभवाच्या लोकांची तुलना दोन फेऱ्यांत केली तरच खरं काय ते कळेल. ती तुलना बाहेरून करता येत नाही. परिणामी दरवर्षी हजारो मुलं सप्टेंबर गाठायचा म्हणून अर्धकच्चे निबंध पाठवतात. जानेवारीत तेच निबंध पिकलेले असते.

आणि प्रतीक्षा यादी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हे मी स्वतः भोगलं आहे. एका शाळेने मला मार्चमध्ये प्रतीक्षा यादीत ठेवलं. पत्रात लिहिलं होतं की हा नकार नाही, आम्हाला तुमच्यात खरोखर रस आहे. मी नोकरी सोडायची की नाही हे ठरवू शकत नव्हते. घराचा भाडेकरार पुढे वाढवायचा की नाही हेही ठरेना. दुसऱ्या एका शाळेने दिलेला प्रवेश मी मुदत संपू दिली म्हणून गेला. दर तीन आठवड्यांनी मी त्यांना नवी माहिती लिहून पाठवत होते: ही बढती, हा नवा प्रकल्प, हे आणखी एक शिफारसपत्र. ऑगस्टमध्ये, वर्ग भरायच्या आठवडाभर आधी, दोन ओळींचा निरोप आला. त्या वर्षी प्रतीक्षा यादीतून किती जणांना घेतलं होतं हे मला नंतर एका विद्यार्थ्याकडून कळलं. एकालाही नाही. जागा भरलेल्याच होत्या.

त्या शाळेवर माझा राग उरलेला नाही. पुढच्या वर्षी मी दुसरीकडे गेले आणि तिथे खूप शिकले. पण मार्चमध्ये मला एवढंच सांगितलं असतं, की यादीत इतके जण आहेत आणि गेल्या तीन वर्षांत यादीतून अनुक्रमे इतके, इतके आणि इतके घेतले, तर मी हातातला प्रवेश जाऊ दिला नसता. हे तीन आकडे लिहायला किती वेळ लागतो? बाकीचं सगळं नाकारलंत तरी चालेल, पण प्रतीक्षा यादीचं हे एवढं तरी या वर्षापासून सुरू करा. आशेवर ठेवलेल्या माणसाला त्या आशेचं माप कळायलाच हवं.

तक्ता आला म्हणून माझ्यासारख्यांची गरज संपेल असं मी समजत नाही. चौकटीतलं प्रमाण हा फक्त आरंभ असतो. चौकटीत १२ टक्के लिहिलं असेल तर तिथून पुढे विचार सुरू होतो: या मुलीच्या कामात असं काय आहे जे त्याच चौकटीतल्या इतरांकडे नसेल? तिचा वरिष्ठ तिच्याबद्दल ठोस प्रसंग सांगू शकेल की नुसती विशेषणं लिहील? तिला जे करायचं आहे त्यासाठी हीच शाळा का? या प्रश्नांवर १२ चे २० होतात किंवा ६ होतात. पण आरंभालाच १२ की ४० हे ठाऊक नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत.

अनेक शाळांच्या बाबतीतही तेच. मुलं म्हणतात, "प्रत्येक ठिकाणी दहा टक्के धरले तरी सहा ठिकाणी मिळून साठ." तसं होत नाही. सहाही निर्णय एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असते तरी निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता साधारण ४७ टक्के येते. आणि ते स्वतंत्र नसतात. तोच निबंध थोडा फिरवून सहाही ठिकाणी जातो, तीच शिफारसपत्रं जातात, तोच कच्चा दुवा सहाही समित्यांना दिसतो. म्हणून खरी शक्यता त्याहूनही खाली येते. किती खाली, ते तुमच्यापैकी काही शाळांनी मिळून आकडे जुळवले तरच सांगता येईल. वैद्यकीय महाविद्यालयांनी हेच केलं: त्यांच्या तक्त्यात "कुठे ना कुठे" मिळालेला प्रवेश मोजलेला असतो.

पुढची पहिली फेरी सप्टेंबरमध्ये बंद होईल. गेल्या हंगामाचे निकाल तुमच्याकडे पूर्ण झालेले आहेत. परवा रात्री मला एक प्रोफाईल आलं आहे. मुलगी एकोणतीस वर्षांची, सरकारी पाणीपुरवठा खात्यात सहा वर्षं काम केलेली, जीमॅट ६२५. निरोपाच्या शेवटी तिने लिहिलं आहे, "खरं सांगा, वाईट वाटणार नाही." तिच्या यादीत चार शाळा आहेत. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. स्कोअर ६०५ ते ६४५, अनुभव पाच ते सात वर्षं, क्षेत्र सार्वजनिक सेवा: या चौकटीत गेल्या तीन वर्षांत किती जणांनी अर्ज केला, किती जणांना मुलाखतीला बोलावलं आणि किती जणांना घेतलं, एवढं त्या चार शाळांनी कळवलं तर मी ते तिला जसंच्या तसं पाठवीन.

आपली,
एक माजी अर्जदार